बिडाचं मशीन चालतं करताना

चाक फिरत नाही म्हटलं की जुनं शिलाई मशीन थेट भंगारात निघतं. माझ्याकडे आलेलं मशीन याच कारणाने वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होतं. काळं, बिडाचं, पायडलवर चालणारं सिंगर. पण अशा मशीनच्या आत मोडण्यासारखं असतंच काय? बिडाचं अंग, पोलादी दांडे, थोडे स्क्रू आणि स्प्रिंगा. बहुतेक वेळा तेल वाळून घट्ट झालेलं असतं, नाहीतर कुठेतरी दोरा अडकलेला असतो. मी हात घातला तो या हिशेबावर.

आधी ओळख पटवली. हेडच्या उजव्या बाजूला, पायथ्याशी कोरलेला नंबर ‘वाय’ या अक्षराने सुरू होत होता. म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना, काळ साधारण १९२१ ते १९३५. (तो कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला, त्यातून निघालेली मशीनं मात्र अजून टिपा मारतायत.) मॉडेल कुठेच लिहिलेलं नव्हतं. टेन्शनची, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणारी चकती डाव्या टोकाच्या पट्टीवर आणि गोल बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) डावीकडून बसणारी, यावरून ते मॉडेल १५ निघालं. इथे मी निर्धास्त झालो, कारण या मॉडेलची सुई आणि बॉबिन आजही सर्रास बनते. पाकिटावर १५×१ किंवा १३०/७०५ एच लिहिलेली घरगुती मशीनची सुई याला चालते. हौसेने पहिलंच जुनं मशीन घेणाऱ्याने रंगरूप नंतर पाहावं, आधी सुई मिळते का ते पाहावं.

आता चाक. घासत का होईना, पूर्ण फेरा सारख्याच जडपणे फिरत असेल तर ते वाळलेलं तेल. एकाच जागी येऊन ठक्क थांबत असेल तर काहीतरी आडवं आलंय. माझ्या मशीनला दोन्ही दुखणी होती. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचा एकेक थेंब सोडायचा, तासन्‌तास थांबायचं, चाक केसभर पुढे, केसभर मागे करायचं, पुन्हा थेंब. या कामात कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. हातोडीचा मोह मात्र टाळावा, कारण बीड वाकत नाही, तडकतं. एका सांध्याला हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी लागली. ती रॉकेल घालण्याआधीच्या दिवशी दिली. दोन्ही एकत्र कधीच नाही, आणि रॉकेल वापरताना खिडक्या उघड्या.

सांध्यांतून तपकिरी, राळेसारखा चिकटा बाहेर येऊ लागला. कुणीतरी स्वयंपाकाचं तेल घातलं असणार. ते हवेने घट्ट होत जातं आणि शेवटी डिंकासारखं धरून ठेवतं. चाक मोकळं झाल्यावर सगळीकडे मशीनचं पातळ, रंगहीन तेल घातलं. ही पायरी गाळता येत नाही. रॉकेल जुन्या तेलाला धुऊन नेतं, आणि मागे कोरडं लोखंड लोखंडावर घासत राहतं.

एका जागी ठक्क होण्याचं कारण हुकापाशी, म्हणजे सुईखाली फिरून दोरा पकडणाऱ्या आकड्यापाशी, सापडलं. बॉबिन केस काढून हुकाला धरून ठेवणारी कडी सोडवली, तर मागे दोऱ्याचा गुंता, दाबून दाबून टणक झालेला. चिमट्याने तो तुकड्यातुकड्याने निघाला. कडी काढल्यामुळे एक फायदा झाला. चाक हाताने सावकाश फिरवून टाका कसा पडतो ते उघड्यावर बघता आलं. सुई खालून वर यायला लागते, तेव्हा तिच्या लांब खाचेतला दोरा सुरक्षित राहतो आणि दुसऱ्या बाजूला दोऱ्याचा छोटा फासा फुगतो. नेमक्या त्या क्षणी हुकाचं टोक त्यात शिरतं. नेढं सुईच्या टोकाशी आणण्याची युक्ती एलायस हाऊच्या १८४६ च्या पेटंटमध्ये आहे, आणि अख्खं यंत्र तिच्यावरच उभं आहे. सुईची सपाट बाजू हुकाकडे का हवी, हेही त्या दिवशी डोळ्यांना दिसलं.

स्क्रूंबद्दल थोडं. त्यांच्या खाचा अरुंद असतात आणि आटे कंपनीच्या आपल्या मापाचे, त्यामुळे साधा स्क्रू तिथे बसत नाही. पेचकसाचं पातं खाचेत गच्च बसेल इतकं नेमकं हवं. मी त्यासाठी एक पातं घासून घेतलं. काहीही सोडवण्याआधी फोटो.

चाकाच्या टोकाशी असलेल्या गोल नॉबमागे एक छोटी चकती असते, ती मात्र फोटो काढूनही छळते. तिची बसायची पद्धत दोन तऱ्हांची. नॉब घट्ट करूनही चाक सुटंच फिरत असेल, तर ती काढून अर्धा वळसा फिरवून बसवायची. इतकं साधं आहे, पण माहीत नसेल तर माणूस नवं मशीन शोधायला लागतो.

रंगाबाबत माझं मत पक्कं आहे: चकाकीच्या मागे लागू नये. सोनेरी नक्षीवर पारदर्शक रोगण असतं आणि ते बहुधा लाखेचं. स्पिरिट लागलं की विरघळतं. मी आधी हेडच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी पाहिलं. मग कापसाच्या बोळ्यावर मशीनचंच तेल घेऊन हळूहळू पुसलं. मळ निघाला, नक्षी राहिली. जिथे हातांच्या घर्षणाने ती आधीच गेलेली, तिथे तशीच ठेवली. नवी नक्षी चिकटवलेली जुनी मशीनं मला तरी बघवत नाहीत.

टेन्शनने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. कापडाच्या खालच्या बाजूला फासे येत होते, म्हणून माझा सगळा राग बॉबिनवर. खरं तर फासे खाली आले की बहुधा वरचा दोरा सैल असतो. टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये जुना कचरा आणि गंज बसलेला होता, त्यामुळे त्या दोऱ्याला धरतच नव्हत्या. कापडाची पट्टी आत घालून त्या स्वच्छ केल्या. दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर हवा, तेव्हाच चकत्या उघडतात. ताण तपासायचा तो फूट खाली करून. बॉबिन केस दोऱ्याला टांगून पाहिली. ती आपोआप खाली घसरू नये, हलका झटका दिला की थोडीशी उतरावी. तिथला बारीक स्क्रू पाव वळशाहून जास्त एका वेळी फिरवला नाही.

मग पायडल. नवी चामड्याची वादी लावली. ती काही दिवसांत ताणली, पुन्हा थोडी कापून जोडली. दोरा न ओवता, सुई काढून, नुसता पाय चालवण्याचा सराव केला, कारण चाक उलटं गेलं की दोरा तुटतो किंवा गुंततो. सुरुवात हाताने चाक आपल्याकडे ओढून करायची, पाय फक्त ती गती राखतो.

मला शिवता येत नव्हतंच. उशांचे अभ्रे आणि पिशव्यांवर शिकलो. हे मशीन एकच सरळ टीप मारतं आणि मागे जात नाही, त्यामुळे टोकाला टीप पक्की करायला कापडच फिरवावं लागतं. पण जीन्सच्या दुमडीवर ९०/१४ ऐवजी १००/१६ ची सुई लावली की ते कुरकुरत नाही, आणि घाई नसेल तर चाकावर हात ठेवून एकेक टाका मोजून टाकता येतो. काठाला झिगझॅग हवी असेल तेव्हा मी दुसऱ्याच्या मशीनवर जातो.

सध्या टेबलावर मॉडेल २८ आहे. याची बॉबिन लांबट, आणि ती बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये (पुढे-मागे झुलणाऱ्या धोट्यात) बसते. मिळालं तेव्हा शटल गायब होतं. ते सापडेपर्यंत बाकी स्क्रूंना हात लावायचा नाही.