बेअरिंग नव्हतं, पंखा होता

गेल्या हंगामात ट्रॉलरला जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, पाण्याखालचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, मात्र जुनाच ठेवला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बाहेर पडून पहिल्यांदा वेग वाढवला आणि तळाखाली कुणी खडी ओतावी तसा आवाज सुरू झाला. दुरुस्तीवाल्याच्या सांगण्यावरून पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचं (दांड्याचं) बेअरिंग बदललं, कपलिंग जुळवून घेतलं. पैसे गेले, आवाज तसाच.

आमचे तांडेल (बोट चालवणारे) काका म्हणाले, "बेअरिंग गेलं असतं तर हळू चालतानाही कुरकुरलं असतं रे. हा आवाज इंजिन मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या वर गेलं की मगच येतो."

दुसऱ्या दिवशी मी छोट्या होडीत बसलो, वल्ह्याचं पातं पाण्यात धरलं आणि दांडा कानाला लावला. काका तरुणपणी घोळ माशाचा आवाज असाच ऐकायचे. ट्रॉलर हळू गेला तेव्हा नुसती घरघर. वेग वाढवला तसा गरम तेलात पाणी पडल्यासारखा तडतडाट कानात भरला. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. मासळीला आणि किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या डॉल्फिनना आम्ही किती लांबून ऐकू जात असू! त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली, बोट वर ओढली. पात्यांच्या इंजिनकडच्या बाजूला, टोकाजवळ, ब्राँझ स्पंजासारखं खाल्लेलं होतं. ओळखीच्या निवृत्त मरीन इंजिनिअरनी बघताक्षणी सांगितलं, कॅव्हिटेशन. जोरात फिरणाऱ्या पात्याच्या त्या बाजूला दाब इतका घसरतो की पाणी न तापताच उकळतं. ३० अंशाच्या पाण्याला हवेच्या दाबाच्या ४ टक्क्यांवर दाब आला की पुरे. पुढे दाब वाढताच वाफेचे बुडबुडे फटकन मिटतात. तोच तडतडाट, आणि धातू खातात तेही तेच. १८९४ मध्ये इंग्लंडात वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' बोटीलाही या बुडबुड्यांनीच अडवलं होतं. तीन शाफ्टांवर मिळून नऊ पंखे बसवले तेव्हा तिने वेग धरला.

आम्ही तीनऐवजी चार रुंद पात्यांचा पंखा घेतला, म्हणजे तोच जोर जास्त क्षेत्रावर वाटला जातो. व्यास किंचित कमी ठेवला, कारण आधी पात्याचं टोक आणि तळ यांत जेमतेम दोन बोटांची फट होती.

ऑगस्टमध्ये पुन्हा वल्हं कानाला लावलं. चौदाशेला फक्त घरघर. सतराशेच्या पुढे तडतड अजून येते, म्हणून काका आता सोळाशेच्या वर इंजिन नेऊ देत नाहीत.