वॉट्स तो वॉट्स

"मावशी, वॉट्स नाहीये."

रात्री साडेअकराला भाच्याचा एवढाच मेसेज. कुणी गेलं की काय, या धसक्याने मी उठूनच बसले. मग उलगडा झाला. जॉन वॉट्स, टॉम हॉलंडच्या स्पायडरमॅनच्या तिन्ही सिनेमांचा दिग्दर्शक. चौथा आता डेस्टिन डॅनियल क्रेटन दिग्दर्शित करणार, ही २०२४ मधली बातमी. पाठोपाठ दुसरा मेसेज: "वाट लागली सगळ्याची."

त्याचं दुःख खोटं नव्हतं. २०१७, २०१९, २०२१ असे वॉट्सचे तीन सिनेमे बघत तो शाळेतून कॉलेजात पोचला. पण मला हसू आवरेना. २०१५ मध्ये याच वॉट्सचं नाव आलं तेव्हा आम्ही जुने फॅन "हा कोण आता?" म्हणून नाकं मुरडत होतो. तोवर त्याचे इनमिन दोन छोटे सिनेमे. त्यातल्या 'कॉप कार'मध्ये दोन पोरं शेरिफची गाडी पळवतात. पोरांची मस्ती आणि मागोमाग उडणारी घाबरगुंडी त्याला किती नेमकी पकडता येते, ते तिथेच दिसत होतं. पण आमच्यापैकी बघितला कुणी होता?

माझं दैवत सॅम रेमी, हॉलंडच्या आधीच्या स्पायडरमॅनच्या तीन सिनेमांचा दिग्दर्शक. भाचा त्याला 'तुझा रेमी' म्हणतो, आजीच्या काळातला कुणी असल्यासारखा. पण २००० साली रेमीचं नाव जाहीर झालं तेव्हा मी काही आरती ओवाळली नव्हती. 'द ईव्हिल डेड'वाला! रक्ताच्या चिळकांड्या उडवणाऱ्या माणसाच्या हाती पीटर पार्कर, म्हणजे आपला स्पायडरमॅन? पुढे कळलं की सिनेमात जाळं थेट त्याच्या मनगटातून निघणार आहे. झालं. कॉमिकमधला पीटर जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवतो, डोकेबाज पोरगा ही तर त्याची ओळख! यावरून चुलतभावाशी मी इतकी भांडले की आम्ही आठवडाभर बोलत नव्हतो. (तो रेमीच्या बाजूने होता. हे तो अजून ऐकवतो.)

आणि ज्या भयपटांची आम्हाला धास्ती होती, तेच कामी आलं. २००४ च्या दुसऱ्या भागातलं ऑपरेशन थिएटर आठवा. डॉक्टर ऑक्टोपसचे लोखंडी हात कापायला सर्जन सरसावतात आणि ते हात जागे होतात. भिंतीवर सावल्या, फरशीवर ओरखडत जाणारी नखं, एका डॉक्टरच्या हातात चक्क चेनसॉ. सुपरहिरोपटात असा प्रसंग रेमीशिवाय कुणी घेतला असता असं मला वाटत नाही.

२००७ मध्ये मात्र आम्ही त्याला परत फाडून खाल्लं. तिसऱ्या भागात खलनायकांची नुसती गर्दी. त्यातल्या व्हेनमबद्दल रेमीला फारसं प्रेम नव्हतंच. फॅनना हवा आहे म्हणून तो घेण्याचा आग्रह निर्मात्याचा. म्हणजे मागितला आम्ही, आणि शिव्या खाल्ल्या त्याने. हे मी भाच्याला सहसा सांगत नाही.

मग जानेवारी २०१०. रेमीचा चौथा भाग बारगळला आणि काही दिवसांतच नव्या स्पायडरमॅनसाठी मार्क वेबचं नाव आलं. त्याच्या खात्यात एकच सिनेमा, तोही प्रेमभंगाचा. आडनावाचा अर्थ जाळं, त्यामुळे कोट्यांना ऊत आला, पण मी कोट्यांच्या मूडमध्ये नव्हते. ज्याला तीन वर्षं नावं ठेवली त्याच्यासाठी सुतक पाळत होते. २०२२ मध्ये रेमी दुसऱ्या 'डॉक्टर स्ट्रेंज'साठी परतला आणि त्यात सुरांच्या खुणा हवेत उडवून मारामारी, कुजलेल्या प्रेतात शिरलेला नायक असले त्याचे जुने चाळे दिसले, तेव्हा मी थिएटरात एकटीच टाळ्या वाजवत होते. भाचा खुर्चीत खाली खाली सरकत होता.

तर क्रेटन. त्याच्या 'शांग-ची' या सुपरहिरोपटातली बसमधली हाणामारी भाच्याला पाठ आहे, पण ती कुणी घेतली हे त्याच्या गावीही नव्हतं. मी त्याला २०१३ चा 'शॉर्ट टर्म ट्वेल्व्ह' बघायला लावला. घरच्यांपासून तुटलेल्या किशोरवयीन मुलांचं वसतिगृह, आणि त्यांना सांभाळणारी, स्वतःच अर्धवट सावरलेली तरुण मंडळी. क्रेटनने स्वतः अशा ठिकाणी काम केलेलं आहे. आता वॉट्सने पीटरला कुठे सोडलाय? सगळं जग त्याला विसरलंय, मे काकू गेली, आणि तो भाड्याच्या खोलीत एकटा. ही खोली क्रेटनला दाखवता येईल असं मला वाटतं. इमारती कोसळवायला माणसं पुष्कळ मिळतात.

दोन दिवसांनी भाच्याचा मेसेज आला. "बघितला. रडलो थोडा." मग बराच वेळ नुसतंच 'टाइप करतोय' दिसत राहिलं.

"पण वॉट्स तो वॉट्स."