आहारतक्त्यात भाकरीचा रकानाच नव्हता: माझा अनुभव

रक्त दिलं, रिपोर्ट आले, डॉक्टरांनी बघितले. इथवर सगळं सुरळीत, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.२ आणि बीपी १४८/९२. एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, मधलं सगळं काठावरचं. उपाशीपोटीच्या शुगरचंही तसंच, शंभराच्या आत बरं, १२६ पासून पुढे मधुमेह. शुगर आहारावर खाली आणायची, बीपी घरी मोजून वहीत लिहायचं आणि घरात आधी लकवा होऊन गेलेला असल्यामुळे दोन्हीत हयगय करायची नाही, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चिठ्ठीवर ‘आहार सल्ला’ लिहून त्या सल्ल्याच्या खिडकीकडे पाठवलं.

अडलं ते त्या खिडकीवर.

तिथे एक छापील तक्ता हातात देतात. रोज काय खाता ते भरून आणायचं, मग सल्ला. पद्धत चांगलीच आहे, पण आतली यादी कुठल्या मुलखात तयार झाली देव जाणे. ओट्स, कॉर्नफ्लेक्स, ब्राऊन ब्रेड, इडली, चपाती, भात. लातूरकडच्या माणसाला द्यायचा कागद आणि त्यात भाकरी नाही! चहाला रकाना नाही, ठेचा-लोणच्याला नाही, मिठाचं तर नावच नाही. मी समासात ‘ज्वारीची भाकरी, पिठलं, वरण, ठेचा’ असं लिहून दिलं, तर ‘प्रमाण लिहून आणा’ म्हणून कागद परत. भाकरीचं प्रमाण काय लिहू, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “एक भाकरी म्हणजे दोन चपात्या धरा.” कुणाची भाकरी? शहरातल्या खानावळीतली पातळ, की शेतात फडक्यात बांधून न्यायची? तसं लिहून नेलं तर, “अंदाज नको, ग्रॅममध्ये पाहिजे.” खिडकी उघडणार ठरावीक वारी, तीही दुपारपर्यंतच. आज या ओळी लिहितानाही डोकं तापतंय. पण ग्रॅमचा आग्रह रास्त होता, तो कसा पुरा करायचा एवढंच तिथे कुणी सांगत नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

भाजलेली भाकरी काट्यावर ठेवू नका. तिच्यात पाणी असतं आणि तव्यावर ते किती उडालं त्यावर वजन बदलतं. मोजायचा तो पिठाचा डबा. भाकऱ्या थापायच्या आधी डबा झाकणासकट काट्यावर ठेवा, शेवटची भाकरी तव्यावर गेली की पुन्हा ठेवा. परातीत उरलेलं कोरडं पीठ आधी डब्यात परत टाका. दोन वजनांतला फरक भागिले भाकऱ्या, की झालं. साधा डिजिटल काटा पुरतो, पण पाच किलोचं माप असलेला घ्या, लहान काटा भरलेला डबा पेलत नाही.

आमच्या घरी एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ जात होतं. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं (पोटात गेल्यावर साखर होते ती यांचीच), १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतुमय भाग असतो. म्हणजे त्या एका भाकरीत ६१ ग्रॅम कर्बोदकं आली. ३० ग्रॅम कणकेच्या फुलक्यात ती वीसच्या आसपास असतात. खिडकीच्या हिशेबाने जी भाकरी दोन चपात्यांची, ती निघाली तीन फुलक्यांची. वेळेला दोन भाकऱ्या धरल्या तर दिवसाकाठी बारा फुलके, वर भात वेगळा.

‘ज्वारी खाणाऱ्याला शुगर होत नाही’ हे आपल्याकडे पारावर, लग्नात, सगळीकडे ऐकू येतं. ज्वारीत पांढऱ्या तांदळाच्या तिपटीहून जास्त तंतू आहेत, त्यामुळे साखर सावकाश चढते. पण चढते! आणि पीठ बारीक चाळून कोंडा गाईपुढे टाकला, तर तो फायदा गाईला.

आता भाकरी ६० ग्रॅमची, वेळेला दीड. पातळ थापायची तर पीठ ताजं लागतं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी काठाला चिरते, मग थापणारी पुन्हा जाडच करणार. दहा-बारा दिवसांचंच दळण आणा आणि उकळत्या पाण्यात पीठ भिजवा. कमी झालेल्या भाकरीची जागा रिकामी ठेवली तर रात्री चिवड्याच्या डब्याकडे हात जातो. तिथे घट्ट वरण, मोड आलेली मटकी, पिठलं यांपैकी काहीतरी वाटीभर पाहिजे, शिवाय पालेभाजी दुप्पट. अंबाडी, तांदुळजा, करडईची कोवळी पानं, घोळ, जे मिळेल ते. वेळअमावस्येची भज्जी आठवा, ओले दाणे, वाल, हरभरा, भाज्या आणि थोडंसं बेसन. ते ताट वर्षातून एकदाच वाढायचं असा काही नियम नाही. त्यासोबतचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, मात्र मोजून. भाजी आणि वरण आधी खायला घेतलं, भाकरी मागून, तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते. भाकरी आणि भात एकाच ताटात असतील तर भात डावभरच.

चहाचं उरकून घेतो. सपाट चमचा साखर चार ग्रॅम, आपला चमचा सपाट कधी नसतो, तो पाच धरा. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप, की ५० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. ‘गुळाचा चहा, शुगरवाल्यांसाठी’ अशा पाट्यांना फसू नका. गुळातही बहुतेक साखरच असते.

शुगरचा हिशेब असा बसला. बीपी मात्र जागचं हलत नव्हतं, कारण तक्त्यात मीठच नव्हतं. लकव्याच्या कारणांत वाढलेल्या बीपीचा नंबर पहिला. मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, दाब चढतो आणि वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाने मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड, ठिसूळ होत जातात. मग कुठे गुठळी अडकते, कुठे वाहिनी फुटते. शुगर जास्त असली की याच भिंती आणखी लवकर खराब होतात. म्हणून ‘शुगर बघा’ म्हणणाऱ्या कागदावर मीठ नसणं मला ओट्सपेक्षा जास्त खटकतं.

मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट चमचा, सगळ्या खाण्यातलं मिळून. हे चिमटीने मोजता येत नाही. पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घाला. चार मोठी माणसं रोज २० ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. महिन्यात संपली तर माणशी आठ ग्रॅमच्या वर चाललंय. बैलांचं खडेमीठ आणि लोणच्या-पापडाचं मीठ या पुडीतून घेऊ नका, हिशेब बिघडतो. पण लोणच्यातलं मीठ पोटात जातंच, ते वेगळं धरा. किलोभर कैरीला पाव किलोच्या आसपास मीठ पडतं, मसाला आणि तेल मिळून माल पावणेदोन किलो होतो. त्या हिशेबाने पंधरा ग्रॅमच्या एका फोडीत दोन ग्रॅम मीठ आलं. दोन फोडी म्हणजे दिवसाचा बहुतेक कोटा जेवणाच्या कडेलाच संपला.

भाकरीत आपण सहसा मीठ घालत नाही, म्हणून कोरड्यास, म्हणजे सोबतची भाजी-आमटी, खारट लागतं आणि ठेचा त्याहून खारट. कापायला तिथेच वाव आहे. ठेच्यात मीठ निम्मं करून लिंबू पिळा. कारळ आणि जवसाच्या चटणीत भाजलेलं जिरं आणि लसूण वाढवा. अंबाडी मुळातच आंबट, तिला मीठ कमी लागतं. आंबिलीचंही तसंच. ताक बिनमिठाचं प्या. एकदम अळणी करू नका, घरातली बाकीची माणसं दुसऱ्या दिवशी ताटात वरून मीठ घेतात. आठवड्याला थोडं थोडं कमी केलं तर जीभ सरावते. वाढताना मिठाचं भांडं पंगतीत फिरवायचं नाही, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून. पापड आणि फरसाणात मिठाखेरीज पापडखार किंवा सोडा असतो, त्यातही सोडियमच. सैंधवाने बीपी वाढत नाही हा दुसरा गैरसमज, तेही मीठच, वर त्यात पुरेसं आयोडीन नसतं.

कमी सोडियमचं मीठ हा प्रकार वेगळा, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईड असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार माणसांवर याचा अभ्यास झाला, त्यात आधी लकवा होऊन गेलेले किंवा साठीच्या पुढचे बीपीवाले होते. २०२१ मध्ये निकाल आला, हे मीठ वापरणाऱ्यांत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. खेडी, घरचा स्वयंपाक, हातचं मीठ, म्हणजे आपल्यासारखीच परिस्थिती. पण मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांतली गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नका, रक्तात पोटॅशियम धोक्याइतकं वाढू शकतं.

तेलाच्या कॅनवरही तारीख घालता येते. माणशी दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅम. करडईचं घाण्याचं तेल चांगलंच, पण चांगलं आहे म्हणून तर्रीवर हात सैल सोडायचा नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, तेव्हा कूटही मोजण्यात येतो.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर, पट्टा बाहीवरून नको आणि आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दोनदा मोजा. मीठ कमी केल्याचा परिणाम वहीत काही आठवड्यांत दिसायला लागतो, माझ्या वहीत तो दिसला. एचबीएवनसीला तीन महिने द्या. तांबड्या पेशींचं आयुष्य १२० दिवसांच्या आसपास असतं, महिन्यातच पुन्हा तपासणी केली तर पैसे वाया.

एकादशीचं राहिलंच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा घातला की उपवास शुगरला सगळ्यात जड जातो. भगर थोडीच आणि सोबत दही, दाण्याची आमटी, काकडी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशी डोस काय ठेवायचा ते आधीच विचारून ठेवा, शुगर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

आणि आहार कितीही सांभाळला तरी हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे: तोंड एका बाजूला ओढलं, एक हात वर राहिना, जीभ जड झाली, की वेळ बघून ठेवायची आणि १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका, गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. सीटी मशीन चोवीस तास कुठे चालू असतं ते आजच चौकशी करून लिहून ठेवा.

तक्ता शेवटी स्वीकारला गेला. ‘इतर’ या रकान्यात मी भाकरी ६० ग्रॅम, मीठ पाच ग्रॅम, साखर दहा ग्रॅम असं लिहिलं. वर शिक्का बसला, सल्ल्याचा छापील कागद हातात आला, त्यात पहिल्याच ओळीला ओट्स. तो घडी करून फाइलमध्ये ठेवलाय.

एक विसरलो. अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवं येतं, लोह कमी असताना ते उगाच वर दिसू शकतं. बायकांच्या तपासणीत हे बरेचदा घडतं. त्याच रक्तात हिमोग्लोबिनही बघायला सांगा, वेगळी सुई टोचावी लागत नाही.