फाल्गुनात पाणी कुणाचं तोडायचं?

होळी झाली की परसबागेत दोन काढण्या एकदम अंगावर येतात. थंडीत लावलेला कांदा, लसूण, बटाटा, पालक, कोथिंबीर आटोपायच्या घाईत असतात आणि माघात टोकलेली भेंडी, गवार, काकडी नुकती फळाला लागलेली असते. जमिनीखालच्या पिकांना आता पाणी नको असतं, वेलांना आणि भेंडीला ते रोज हवं असतं. कांदा आणि भेंडी एकाच वाफ्यात किंवा ठिबकच्या एकाच नळीवर असतील तर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं. त्यामुळे भाजी तोडण्याआधी पाणी कुणाचं तोडायचं हे ठरवावं लागतं. खाली दिलेले दिवस पुणे-नाशिककडच्या पठारी हवेचे आहेत. विदर्भात ऊन लवकर चढतं, तिथे हे सगळं आठवडा-दोन आठवडे अलीकडे सरकतं.

कांद्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. डिसेंबरच्या अखेरीस लावलेलं रोप साधारण ११० ते १२० दिवसांनी, म्हणजे एप्रिलच्या मध्याला तयार होतं. दिवस मोजण्यापेक्षा माना बघाव्यात. कांदा पोसला की नवीन पात यायची थांबते, मान आतून पोकळ होते आणि पात आपोआप आडवी पडते. पहिल्या पाच-सहा माना पडलेल्या दिसल्या की पाणी तोडायचं. जमिनीतल्या वाफ्याला १० ते १५ दिवस कोरडे लागतात. कुंडीतली माती लवकर सुकते, तिथे आठवडा पुरतो. निम्म्या माना पडल्या की काढायला घ्यायचं, सगळ्या पडायची वाट बघायची नाही.

पाणी चालू ठेवलं तर मान जाड आणि हिरवीच राहते, ती मिटत नाही आणि साठवणीत सड तिथूनच शिरते. घाई म्हणून हाताने माना मोडण्याची किंवा पायाने तुडवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने मान मिटत नाही, जखम तेवढी होते. काळी माती कोरडी झाल्यावर दगडासारखी होते, तेव्हा पातीला धरून उपटू नका. खुरप्याने बाजूने माती सैल करा आणि मग उचला. खुरप्याचं टोक लागलेला कांदा त्याच दिवशी स्वयंपाकात घ्या.

काढलेला कांदा पातीसकट सुकवायचा. शेतात एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा तो पसरतात, आणि ते बरोबरच आहे: पात सुकते, कांद्याला ऊन लागत नाही. गच्चीवर मात्र ही युक्ती चालत नाही. एप्रिलची फरशी खालून तापते आणि कांद्याला मऊ, पांढुरके चट्टे पडतात. गच्चीवाल्यांनी पहिल्या दिवसापासून सावलीत, वारा खेळेल अशा जागी पसरावा. तीन-चार दिवसांनी दोन बोटं मान ठेवून पात कापायची आणि पुढचे १०-१२ दिवस तो सावलीतच ठेवायचा. मान अगदी बुडाशी कापली तर कांदा उघडा पडतो.

साठवण्याआधी निवड करा. डेंगळे, म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे, जोडकांदे आणि जाड मानेचे कांदे वेगळे काढून आधी संपवा. हे टिकत नाहीत, डेंगळ्याच्या मध्ये तर कडक दांडाच असतो. उरलेला कांदा जाळीच्या पिशवीत टांगा. एन-२-४-१ सारखी रब्बीची जात नीट सुकवली तर पावसाळ्याच्या शेवटापर्यंत पुरते. बटाट्याशेजारी ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

लसणाची खूण वेगळी आहे. त्याची मान पडायची वाट बघितली तर उशीर झालाच म्हणून समजा. लसणाचं एकेक हिरवं पान म्हणजे गड्ड्यावरचं एकेक आवरण. खालची चार-पाच पानं सुकली आणि वरची तेवढीच हिरवी असली की गड्डा भरलेला असतो आणि आवरणंही शाबूत असतात. सगळी पानं वाळू दिली तर आवरणं मातीतच कुजतात, पाकळ्या सुट्या होतात आणि असा लसूण महिनाभरही धड राहत नाही. शंका असेल तर एक गड्डा काढून आडवा कापा. पाकळ्या एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या दिसल्या पाहिजेत. ऑक्टोबरमध्ये लावलेला लसूण फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये या टप्प्यावर येतो. पाकळ्या न पडता एकच गोल गोळा निघाला तर लागवडीला उशीर झाला होता, थंडी पुरेशी मिळाली नाही. चवीला तो उत्तम असतो, खाऊन टाका. बाकीच्याच्या पातीसकट जुड्या बांधून दोन-तीन आठवडे सावलीत टांगा. धुवायचा नाही, माती सुकली की आपोआप झडते.

बटाट्याचे वेल पिवळे पडून लोळले की पाणी बंद करा आणि आठ-दहा दिवसांनी वेल बुडाशी कापा. नंतर एक बटाटा काढून सालीवर अंगठा घासा. साल सरकली तर आणखी आठवडा जाऊ द्या. पोत्यात लावला असेल तर ओतून काढता येतो, खुरप्याची जखम टळते. उजेडात राहून हिरवा झालेला भाग खाण्यात घेऊ नका.

आता पालेभाज्या. त्यांचा दिवस कॅलेंडरपेक्षा ऊन ठरवतं. पारा ३५ अंशांकडे जायला लागला आणि दिवस मोठा झाला की पालकाच्या मधोमध दांडा वर सरकतो आणि नवीन पानं अरुंद, टोकदार यायला लागतात. तोवर जमिनीपासून दोन बोटं वर कापलेला पालक दर १५ दिवसांनी पुन्हा भरत असतो. दांडा दिसला की पुढची कापणी विसरा आणि मुळासकट काढून घ्या, कारण शेंडा खुडला तरी तो दांडाच वाढवत राहतो. मेथीचं तसंच. तीन-चार आठवड्यांची, वीतभर व्हायच्या आत उपटलेली मेथी कोवळी. फूल दिसलं की भाजी कडू आणि दांडे चिवट. त्यातली चार-पाच झाडं मेथीदाण्यांसाठी ठेवा आणि बाकी मोकळं करा.

कोथिंबिरीवर मात्र राग काढू नये. रुंद पानं जाऊन बडीशेपेसारखी बारीक पानं येऊ लागली की बहुतेक जण ती उपटून टाकतात. खरं तर तिचं दुसरं पीक तिथून पुढे सुरू होतं. पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या काकडी-दुधीच्या फुलांनाही त्या उपयोगी पडतात. दोन-तीन आठवड्यांत हिरवे धणे धरतात. ते ओल्या खोबऱ्याच्या चटणीत वाटून बघा, पानाचा आणि धण्याचा दोन्ही वास एकत्र येतो. साठवणीच्या धण्यांसाठी निम्मे दाणे हिरव्याचे पिवळट-तपकिरी झाले की गुच्छ कापायचे, तेही सकाळी, दाणे किंचित दमट असताना. दुपारी कापले तर निम्मे धणे वाफ्यातच सांडतात. कागदी पिशवीत उलटे टांगून सावलीत सुकवा, उन्हात रंग आणि वास दोन्ही उतरतात. गुच्छांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असेल तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा.

मुळा या दिवसांत आतून भेंडासारखा पोकळ होतो, गाजराच्या मधला दांडा लाकडासारखा होतो. जमिनीवर खांदे दिसू लागलेत तेवढे सगळे काढून टाका आणि पाला लगेच तोडा, तो कंदातलं पाणी ओढत राहतो. दोन मुळे मात्र ठेवा, फुलं आली की त्यांना डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतील. पेन्सिलीपेक्षा बारीक असताना, कट्कन मोडतात तोवर तोडल्या तर तिखटसर, सुरेख भाजी होते. दाणा भरला की दोरे येतात.

कोबीचा गड्डा घट्ट लागला की थांबू नका, एखादं मोठं पाणी बसलं तरी तो तडकतो. आजच काढायचा नसेल तर गड्डा दोन्ही हातांनी धरून पाव फिरकी द्या. काही मुळं तुटतात, पाणी कमी खेचलं जातं आणि चार-आठ दिवस मिळतात.

टोमॅटोबाबत एक समज काढून टाकायला हवा: तो झाडावरच लालभडक व्हायला हवा, हा. तळाशी गुलाबीसर रंग फुटला की फळाचं झाडाकडून घेणं जवळपास संपलेलं असतं. पुढचं पिकणं घरात, सावलीत व्यवस्थित होतं, त्याला ऊन लागत नाही. उलट ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयारच होत नाही, म्हणून एप्रिलमधले टोमॅटो झाडावर ठेवले की नारिंगी-पिवळेच राहतात. रंग फुटलेले टोमॅटो तोडून देठाकडची बाजू खाली करून टोपलीत ठेवा, चार-सहा दिवसांत लाल होतात. कच्चे असताना फ्रिजमध्ये ठेवले तर ना रंग येतो ना चव. आणि ‘फळाला ऊन मिळावं’ म्हणून पानं काढू नका. उघड्या पडलेल्या फळावर पांढरा, कागदासारखा चट्टा पडतो. फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग दिसला तर तो रोग नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी सारखं करा, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. नवीन फळं चांगली येतील, डागाळलेली सुधारणार नाहीत. घरात कुणी तंबाखू खात किंवा बिडी ओढत असेल तर टोमॅटो-मिरचीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. त्या हातांनी मोझॅकचा विषाणू झाडावर जाऊ शकतो.

वांगं, भेंडी, गवार, काकडी यांचा नियम एकच: जितकं तोडाल तितकं लागेल. एक जून फळ झाडावर राहिलं की झाड बी पोसायला लागतं आणि नवीन फुलं कमी होतात. भेंडी फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तयार होते, म्हणून एक दिवसाआड फेरी हवीच. टोक वाकवलं की मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर जून. लव हाताला खाजते, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला. वांग्याची चकाकी गेली की आत बी तपकिरी झालं. अंगठ्याने दाबलेली जागा पुन्हा वर यायला हवी. कात्रीने देठासकट कापा, ओढलं तर फांदी सोलते. एखादा शेंडा एकटाच सुकलेला दिसला तर आत अळी आहे. तो वीतभर खाली कापून नष्ट करा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

काकडी आणि दुधी यांची चव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसला की काकडी कडू होते, तीही देठाकडे जास्त. देठ कापून घासल्यावर येणाऱ्या फेसापेक्षा दोन बोटं तुकडा कापून टाकण्याचाच उपयोग जास्त. दुधी नखाने टोचून बघतात, नख सहज गेलं आणि अंगावर लव असली की कोवळा. पण कापल्यावर कच्ची फोड जिभेला लावा. कडू लागला तर पूर्ण टाकून द्या. भाजी नको, रस तर नकोच. कडू दुधीच्या रसाने जोराच्या उलट्या होऊन, रक्तदाब उतरून माणसं दवाखान्यात गेली आहेत. शिजवून तो कडूपणा जात नाही.

वेळ सकाळची, ऊन अंगावर यायच्या आत. रात्रभरात पानात पाणी भरलेलं असतं, तेच दुपारी चारला मरगळलेलं असतं. पालेभाजी लगेच गार पाण्यातून काढा, निथळून ओल्या पंच्यात गुंडाळा. गवार, घेवडा मात्र दव सुकल्यावर तोडा. ओल्या वेलात हात फिरला की तांबेरा रोग एका पानावरून दुसऱ्यावर जातो. कांदा, लसूण, बटाट्याला या काळात पाण्याचा थेंबही नको.

हळद राहिली असेल तर ती शेवटी. पानं पूर्ण वाळून आडवी झाली, लागवडीला आठ-नऊ महिने झाले की पाला कापा, आठवडाभराने माती सैल करून अख्खा कंद उचला. बोटांसारखी हळकुंडं आणि मधला जेठा गड्डा वेगळे करा. ओली हळद लोणच्याला किलोभर ठेवली तरी पुष्कळ होते. पावडर करायची असेल तर हळकुंडं पाण्यात पाऊण ते एक तास, काडी आरपार जाईपर्यंत शिजवा. कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग उतरतो. मग १० ते १५ दिवस उन्हात, मोडताना खट्कन आवाज येईपर्यंत. जेठे गड्डे शिजवू नका, ते पुढच्या लागवडीचं बियाणं. मुळं काढून, सावलीत कोरड्या वाळूत किंवा त्याच वाळलेल्या पाल्याखाली रचून ठेवा. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांना डोळे फुटायला लागतात, तोवर कांद्याचा वाफा रिकामा झालेला असतो.