कुस्ती का सोडली? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात विचारता, एसटी स्टँडवर विचारता, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून विचारलं. आधी माझ्या मोडलेल्या कानांकडे बघायचं, "पैलवान का?" म्हणायचं, आणि मी "होतो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कुस्ती का सोडली, आणि हे ब्राझीलचं जिउ-जित्सू, जमिनीवर धरून गळा-सांधे आवळायचा खेळ, काय धरलंय? आजवर मी जागेवर सुचेल ते सांगत आलोय. गुडघा. पैसे. पुण्यातली नोकरी. सगळं थोडंथोडं खरं आहे. आज एकदा नीट लिहितो.

आमचे वस्ताद आबा कोण, आमची तालीम कुठली, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसतं तर विचारलंच नसतं.

2013 साली मी एकवीस वर्षांचा होतो आणि जिल्ह्याच्या निवडचाचणीत तिसऱ्यांदा मागे पडलो होतो. जत्रेत माझी जोड लागायची, इनाम मिळायचं, फेटा मिळायचा. पण आपण ह्याच्या पुढे जाणार नाही हे मला कळलं होतं. आबांनाही कळलं असावं, कारण त्या वर्षी त्यांनी माझ्या बदामाचा विषय काढणं बंद केलं. म्हणजे कुस्ती मी सोडली हे अर्धंच खरं. ती मला जेवढी देणार होती तेवढं देऊन झालं होतं.

पुण्यात एका मित्रानं जिममध्ये नेलं. तिथं साठ किलोच्या, आयटीत काम करणाऱ्या एका पोरानं मला पाठीवर पडून हरवलं. पाठीवर पडून! मी त्याला पाडलं, वर आलो, मनात हलगी वाजायला लागली, आणि तेवढ्यात त्याचे पाय माझ्या मानेभोवती आले. पाच मिनिटांत तीन वेळा मला चटईवर हात थापावा लागला. जित्याजागत्या माणसानं "पुरे" म्हणून हात थापायचा, हेच मला नवं होतं. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी फी भरली.

"परदेशी खेळ" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की मॅटसुद्धा एकेकाळी परदेशीच होती. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948ला लंडनला गेले ते मातीतून उठून. सहावे आले. 1952ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. आणि ब्राझीलचं तरी मूळ ब्राझीलचं कुठंय? मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्यूदोपटू 1914 साली तिकडं पोचला, ग्रेसी घराण्यातल्या पोरांना त्याची विद्या मिळाली, त्यांनी ती जमिनीवरच्या झटापटीसाठी घासून घासून वेगळी केली. पुढं 1951ला मासाहिको किमुरा जपानहून आला आणि त्यानं त्याच घराण्यातल्या एलिओ ग्रेसीचा हात मोडला. ग्रेसींच्या शिष्यांनी त्या डावाला किमुराचंच नाव दिलं. ज्यानं हात मोडला त्याचं नाव! आपल्याकडं एखाद्या तालमीनं असं केलं असतं का, मला शंका आहे.

असं काही बोललो की मला माझाच जुना आवाज ऐकू येतो. 2016ला पांढऱ्यानंतरचा निळा पट्टा मिळाल्यावर मी गावात येऊन चारचौघांत म्हणालो होतो, "कुस्ती म्हणजे अर्धं पुस्तक." आबा तिथं नव्हते, पण त्यांच्यापर्यंत पोचलं. आज त्यापुढचा जांभळा होऊन तपकिरी पट्टा कमरेला आहे, आणि तसं बोलणाऱ्या त्या तेव्हाच्या पोराला धरून आडवं करावंसं वाटतं. ह्या नव्या खेळात माझे जे तीन विजय झाले ते ढाकेवर आणि एकेरी पटावर (एक पाय धरून पाडणं), म्हणजे कुस्तीच्याच डावांवर झाले. वरून धरून ठेवणं मला ब्राझीलनं शिकवलेलं नाही. तरी तो पोरगा पूर्ण चूक होता असंही म्हणवत नाही.

आता ती लढत. तुमच्यातले निम्मे खरं तर तेवढंच विचारत असता.

2022, मुंबई. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. आबा पहिल्यांदाच बघायला आले होते, दोघा जुन्या पैलवानांना घेऊन, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, डब्यात धपाटे. मी आदल्या दिवशी वजनासाठी पाणी तोडलेलं, त्यामुळे धपाट्यांकडे नुसतं बघितलं.

दोन फेऱ्या माझ्या होत्या. तिसरीत फक्त उभं राहायचं होतं. समोरच्या पोरानं खाली वाकून, दोन्ही पाय धरून दुहेरी पट काढला. माती न बघितलेल्या पोरानं माझ्यावर दुहेरी पट! मी पडलो. पडल्यावर काय करायचं हे मी तोवर चार वर्षं सांगलीत पोरांना शिकवत होतो: पाठ टेकू दे, घाबरू नको, पाय मध्ये आण, गुडघे छातीशी, त्याची कंबर पायांत धर. ह्याला गार्ड म्हणतात. पाडल्याचे गुण जातील, पण पाठ टेकली म्हणून खेळ संपत नाही. उलटं, पालथा झालास तर तो पाठीवर बसेल आणि गळा घेईल. हे वाक्य मी आठवड्यातून दहादा म्हणतो.

तेवढ्यात ऐकू आलं, "पाठ सांभाळ! पालथा हो!"

आणि मी पालथा झालो.

विचार केला नाही. सातव्या वर्षापासून तालमीतल्या मातीच्या हौदात जे अंगात मुरलं होतं त्यानं मला फिरवलं. माझं पोट मॅटला लागलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, क्षणभर हायसं वाटलं. मग त्याचे दोन्ही पाय माझ्या मांड्यांच्या आत आले, आणि हात हनुवटीखाली. ह्यात श्वास कोंडत नाही, मानेच्या दोन्ही बाजूंचं रक्त अडतं. बसला तर आठ-दहा सेकंदांत खेळ संपतो. शेतावरची मोटर लांबून ऐकू यावी तसा आवाज कानात सुरू झाला. व्हिडिओत माझा डावा हात उचललेला दिसतो. थापायला की पकड सोडवायला, ते चाळीस वेळा बघूनही मला कळलेलं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पंच माझे पाय वर धरून उभा होता. मी त्याला मराठीत विचारलं, "पाठ लागली का?" तो म्हणाला, "रिलॅक्स, ब्रदर."

आबा आत आले. मी म्हणालो, "हरलो, आबा."

"कशानं? पाट कुटं लागली तुझी?"

परतीच्या गाडीत त्यांनी सगळ्या डब्याला हेच सांगितलं. पोरगं बेशुद्ध पडलं पण पाठ लागू दिली न्हाई. गावात चहाच्या टपरीवर अजून सांगतात. वीस वर्षं मी त्यांच्या तोंडून असलं काही ऐकायला थांबलो होतो, आणि ऐकायला मिळालं ते माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीबद्दल.

त्यांच्यामुळं हरलो असं मी बरेच दिवस मनात धरून होतो. कॉर्नरमधला मित्र म्हणतो, आबा तेव्हा तोंडावर रुमाल धरून गप्प बसले होते. व्हिडिओत तो आवाज येत नाही. आबांना विचारलं तर म्हणतात, "वरडलो आसंल की."

त्यानंतर लढलो नाही. "भ्यालास का?" असंही विचारलंत काहींनी. थोडा भ्यालो. गळ्याला नाही, त्या पालथं होण्याला.

आता क्लास. 2019च्या महापुरात तळमजल्यावरच्या मॅट चिखलात गेल्या, म्हणून आता वरच्या मजल्यावर आहे. एकतीस पोरं, त्यात सहा मुली. पालक विचारतात, खेळाडू म्हणून सरकारी भरतीला चालतं का. कुस्तीसारखं चालेल असं मी कुणालाच सांगत नाही. त्यावर काही जण पोराला परत नेतात. नेऊ देत.

वाळव्याकडचा एक चौदा वर्षांचा पोरगा येतो. सकाळी तालीम, संध्याकाळी माझ्याकडं. पडला की पालथा. रोज. मी शेजारी बसून सांगतो, बाळा, पाठ टेकू दे. तो म्हणतो, "वस्ताद मारत्यात."

गुरुवारी आबा येतात, दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. गेल्या गुरुवारी ते पोरगं पुन्हा पालथं झालं, वरचा मुलगा गळा शोधायला लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "शाबास!"

पोरानं मान वर करून आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. घड्याळात अजून चाळीस सेकंद होते. मी काही बोललो नाही.