पावसाळ्यात ओतलेली फिल्म

पुण्यात जुलैत मी पीव्हीडीएफ (एक पॉलिमर, म्हणजे प्लास्टिक) आणि कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) यांच्या फिल्म ओतायला घेतल्या. इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून निघणाऱ्या लहरी शेजारच्या सर्किटला त्रास देतात; त्या अडवायला धातूऐवजी हलकं, वाकणारं प्लास्टिक वापरायचं, हा माझा पीएचडीचा विषय.

पहिला महिना वाया गेला. नॅनोट्यूब डीएमएफ या द्रावकात सोनिकेट करायच्या (ध्वनिलहरींनी हलवून सुट्या करायच्या), त्यात पॉलिमर विरघळवायचं, पेट्रीडिशमध्ये ओतून सुकवायचं. फिल्म निघायची, पण कापताना कडा भुरभुर पडायच्या. मी नॅनोट्यूबच्या गुठळ्यांना दोष देत राहिले, सोनिकेशनचा वेळ वाढवत राहिले. (फार वाढवलं की नळ्याच तुटून आखूड होतात, हे नंतर वाचलं.) काळ्या फिल्ममध्ये काही दिसतच नव्हतं. शेवटी नुसत्या पॉलिमरची एक फिल्म ओतली. सकाळी ती दुधासारखी पांढरी, खडूसारखी ठिसूळ! लॅबमधले काका म्हणाले, "पावसात पापड घालतं का कुणी, मॅडम?"

तेच खरं होतं. डीएमएफ हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी शिरलं की पीव्हीडीएफ द्रावणातून फुटून बाहेर येतं. मागे उरतं सच्छिद्र जाळं. मग डिश थेट ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवू लागले. फिल्म काचेवरून सोलताना अखंड निघाली, तेव्हा ती हातात धरून मी बराच वेळ खिडकीपाशी उभी होते.

लहर किती अडते याची मोजणी एक्स बँड या मायक्रोवेव्ह पट्ट्यात, ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ. तुकडा २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटरचा, वेव्हगाइडच्या (लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीच्या) तोंडात फट न राहता बसायला हवा. फट राहिली की लहर तिथूनच निसटते. एका पातळ फिल्मने जेमतेम ६ डेसिबल (अडवणुकीचं माप) दिले, म्हणजे पाव शक्ती अजून पार जात होती. तशाच फिल्म एकावर एक ठेवून हॉट प्रेसमध्ये १ मिलिमीटरची जाडी केली, तेव्हा २२ आले. आता शंभरातला एक भागही पार जात नव्हता.

त्यातले १७ शोषणाचे, ५ परावर्तनाचे. बहुतेक लहर शोषली जाते, असं मी लिहूनही टाकलं. गाईडनी ते वाक्य खोडलं: ५ डेसिबल परावर्तन म्हणजे दोन तृतीयांश शक्ती पहिल्याच पृष्ठभागावरून मागे फिरते, शोषण होतं ते आत शिरलेल्या उरलेल्या भागाचं. मागे फिरलेली लहर पुन्हा त्याच सर्किटवर जाऊन आदळणार. म्हणून आता समोरच्या थरात नॅनोट्यूब कमी आणि मागे जास्त, अशी रचना करून पाहते आहे.