आधी ब्रेक बघू द्या

खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. तिथे मी नवशिक्यांना शिकवतो. गेल्या डिसेंबरातली ही गोष्ट. सकाळी पावणेसातला सरावाच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, इतकं दव होतं की चेंडू पुढे गेला की मागे गवतात काळपट रेघ उमटायची.

विद्यार्थी एकच होता. बासष्ट वर्षांचे एक काका, हार्बर लाईनचे निवृत्त मोटरमन. मुलाने हौसेने दहा धड्यांचे पैसे भरले होते. हा तिसरा धडा, आणि विषय लांबचा पट, म्हणजे ग्रीनवर दुरून चेंडू होलकडे घरंगळत नेणारा फटका.

होल सव्वाचार इंच रुंद. चाळीस फुटांवरून चेंडू थेट आत जाईल अशी आशा अव्वल खेळाडूही धरत नाहीत. आठ फुटांवरूनसुद्धा त्यांचे साधारण निम्मेच पट जातात. म्हणून पहिला पट होलच्या जवळ नेऊन ठेवायचा आणि दुसऱ्यात काम संपवायचं. नवशिके मात्र सगळा जीव लाईनवर, म्हणजे दिशेवर टाकतात. डावी-उजवीकडे ते फूट-दीड फूट चुकतात, आणि लांबीत चुकतात दहा-दहा फूट. तीन पट होतात ते त्यामुळे. हे मी रोज घसा कोरडा होईपर्यंत सांगतो.

माझी पद्धत ठरलेली होती. अंतर पावलांनी मोजायचं, जितकी पावलं तितका पटर, म्हणजे पट मारायची काठी, मागे न्यायचा, हाताचा जोर बदलायचा नाही. काकांना तेच सांगितलं. त्यांचा पहिला चेंडू बारा फूट अलीकडेच थांबला. दुसराही तसाच. पाच-सहा चेंडू झाले तरी फरक पडेना.

"काका, तुम्ही मुद्दाम हलकं मारताय का?"

"ओलं आहे ना," ते म्हणाले. "रूळ ओला असला की गाडी पुढे घसरते. मी आयुष्यभर पावसात ब्रेक आधी लावलाय."

मी समजावलं की इथे उलटं असतं. ओलं गवत चेंडूला धरून ठेवतं, पुढे जाऊ देत नाही. त्यांनी वाकून तळहात ग्रीनवर फिरवला, ओला झालेला हात पँटला पुसला आणि म्हणाले, "मग आधी जरा ब्रेक बघू द्या."

गोल्फमध्ये ब्रेक म्हणजे उतारामुळे चेंडूला पडणारं वळण. मला वाटलं, ते उताराबद्दल बोलतायत. त्यांना गाडीचाच ब्रेक म्हणायचा होता. गाडी हातात आली की पहिल्याच स्टेशनला ब्रेक किती धरतो ते अंगाला कळून घ्यायचं, मग पुढची स्टेशनं. रिकामी गाडी वेगळी थांबते, सकाळची खच्चून भरलेली वेगळी. "आणि बारा डब्यांच्या बोर्डापाशीच थांबली पाहिजे. पुढे गेली तर लोक दाराशी खोळंबतात."

ते होलकडे पाठ करून उभे राहिले आणि मोकळ्या ग्रीनवर चेंडू मारू लागले. नेम कशावरच नव्हता. प्रत्येक चेंडू पूर्ण थांबेपर्यंत ते हलत नव्हते. वेग मरत आला की चेंडूवरची छापील अक्षरं एकेक करून वर येताना दिसतात, शेवटचं अक्षर अर्ध्यात अडकतं आणि चेंडू थांबतो. तिथपर्यंत त्यांची नजर चिकटलेली. माझे बहुतेक विद्यार्थी चेंडू निम्म्यात असतानाच "शॉर्ट राहिला" म्हणून मान फिरवतात, आणि शिकण्यासारखं असतं ते नेमकं त्या शेवटच्या पाच-सहा फुटांत. चेंडू मंदावला की उतार त्याला सर्वांत जास्त ओढतो.

मी गप्प बसलो. इतक्या वर्षांत मी कुणालाही होलशिवाय पट मारायला लावलं नव्हतं.

मग त्यांना सांगितलं की गोल्फमध्येही ब्रेक तपासायची एक पट्टी आहे. 1935 साली अमेरिकेत एडवर्ड स्टिम्पसन यांनी ती बनवली. खाचेत चेंडू ठेवून पट्टी एका बाजूने हळूहळू उचलायची. ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो. सपाट ग्रीनवर तो जितके फूट जाईल तितका ग्रीनचा वेग. काकांना हे फार आवडलं. दोनदा विचारून घेतलं.

साडेआठपर्यंत ऊन डोंगरावरून खाली आलं आणि दव उडालं. चाळीस फुटांचाच पट मी मोजून दाखवला, सकाळच्याच पावलांच्या हिशोबाने. चेंडू होलच्या सात फूट पुढे गेला. काकांनी पाहिलं, दोन चेंडू पुन्हा मोकळ्यावर सोडले, थांबेपर्यंत बघितले. मग होलकडे वळले. नजर होलवर ठेवूनच पटर दोनदा हवेत फिरवला आणि मारला. दहा चेंडूंपैकी सात होलपासून पटरच्या लांबीच्या आत थांबले. तिसऱ्या धड्याला हे मी कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

"तुम्ही किती मागे नेता पटर?" मी विचारलं.

ते विचारात पडले. "ते नाही बघितलं हो. बोर्ड दिसत होता."

1992 साली हार्बर लाईन खाडी ओलांडून वाशीला आली, तेव्हापासूनच्या गाड्यांच्या आठवणी मग निघाल्या. पुलावरचा वारा, पावसाळ्यातला धुरकट सिग्नल. धडा संपून अर्धा तास झाला होता आणि पुढचा विद्यार्थी यायचा होता. तो आल्यावर मी त्याला पहिले दहा चेंडू होलकडे पाठ करून मारायला लावले.

काकांनी पटर कापडाने पुसला, बॅगेत ठेवला.

"उद्या सहालाच येतो," ते म्हणाले. "दव असेल ना?"